वणव्याला दाखवलेला नकाशा

तुमचा विश्वास बसणार नाही, पण वणव्याला नकाशा वाचता येतो. मी नकाशांच्या कचेरीत होतो. कुठल्या टेकडीला आगीचा धोका किती, ते रंगवायचं माझं काम. लाल टेकड्यांवरचं वाळकं रान माणसं आधी साफ करायची, हिरव्यांकडे फिरकायचीही नाहीत. आमची टेकडी खरं तर लालभडक. पण बायकोच्या लाडक्या झाडांवर करवत फिरू नये, म्हणून मी ती गुपचूप हिरवी रंगवली.

उन्हाळ्यात वणवा थेट आमच्या फाटकाशी आला. मी घाबरतोय होय? नकाशा उघडून त्याच्या नाकासमोर धरला. म्हटलं, "साहेब, रंग बघा." त्याने ज्वाळा जरा बारीक केल्या, वाकून आमचं घर शोधलं आणि ओशाळला बिचारा. "माफ करा हं, चुकून इकडे आलो," म्हणाला आणि आल्या वाटेने उतरून गेला. घराला साधी झळ नाही!

मेहुण्याने चहाचा कप खाली ठेवला.

"भावोजी, घर एवढं धडधाकट आहे, तर उन्हाळ्यापासून तुम्ही दोघं माझ्या पलंगावर का झोपताय?"