मागच्या बाथरूमची तक्रार

मागच्या बाथरूमची जाळी पुन्हा बुडबुडली आणि काळं पाणी वर आलं. सासरे नाकाला रुमाल लावून दारातच उभे होते. समोर वाकून बसलेली प्लंबर आपली सून आहे हे त्यांना थोडंच ठाऊक असणार!

असणार कुठून? चार वर्षांपूर्वी ते लग्नालाच आले नाहीत. “गटारात हात घालणारी सून या घरात नको,” एवढं बोलले आणि बापलेकांचं बोलणं तुटलं. आज कामाच्या यादीत हा पत्ता दिसला तेव्हा तिने तो दोनदा वाचला. खाली ‘बाईमाणूसच पाठवा’ असंही लिहिलं होतं, आणि कंपनीत बाई प्लंबर ती एकटीच. एकट्या म्हाताऱ्याला परक्या पुरुषांचा भरवसा वाटत नसावा.

नवऱ्याला न सांगता ती निघाली. टोपी, मास्क, कंपनीचा शर्ट. ओळखलं तर दारातूनच हाकलतील ही धास्ती होती, पण नवऱ्याच्या स्वप्नात अजून येणारं हे घर एकदा बघायचंच होतं.

“ही बाथरूम कोण वापरतं?”

“कुणीच नाही. मुलाची होती.”

“मग तुंबते कशी?”

“तेच विचारायला तर तुम्हाला बोलावलं.”

म्हातारा सरळ उत्तर देईल तर शपथ! तिने त्यांना स्वयंपाकघरातला नळ सोडायला लावला. मिनिटभरात जाळी पुन्हा बुडबुडली.

“घाण इथली नाही, काका. सगळ्या घराचं पाणी पुढे अडलंय. ही जाळी सगळ्यात खाली, म्हणून इथून वर येतं.”

“असं होय!” ते कान देऊन ऐकत होते. “कुठे शिकलात हे?”

“वडिलांकडे.”

“घरी कोण?”

“मी आणि नवरा.”

“त्याला चालतं हे काम?”

“रोज सकाळी डबा तोच भरून देतो.”

सासऱ्यांचा रुमाल नाकावरून डोळ्यांकडे गेला. वासच तसा होता.

परसात सांडपाण्याची दोन चेंबर होती. पहिलं काठोकाठ भरलेलं, दुसरं कोरडं ठणठणीत. म्हणजे अडथळा मधल्या पाइपात. दुसऱ्यात वाकून बघितलं तर पाइपाच्या तोंडातून नायलॉनची दोरी लोंबत होती. तिने हिसका दिला. घट्ट गुंडाळलेला टॉवेल बाहेर आला आणि मागून पाणी धो धो वाहिलं.

“टॉवेल इथे कसा गेला?”

“उंदरांनी ओढला असेल.”

“उंदीर दोरीला गाठ मारतात?”

“आमच्याकडचे हुशार आहेत.”

तिला हसू आवरेना. मास्क खाली घसरला, तो तिने घाईने वर ओढला. सासरे तेवढ्यात टॉवेलकडे बघत होते.

बाथरूम धुऊन निघताना नवऱ्याच्या खोलीत नजर गेली. पलंगावर कोरी चादर, दोन उशा. भाडेकरू ठेवणार असतील. तिला फार वाईट वाटलं. खोली गेली की त्याची परत यायची आशाच संपली.

तिने हत्यारं पिशवीत भरली.

“येते, काका. पुन्हा तुंबलं तर ऑफिसात फोन करा.”

“पुन्हा कशाला तुंबवू?” ते म्हणाले. “रविवारी हत्यारं घरी ठेव आणि त्याला घेऊन ये, सूनबाई.”