वारा पडला तेव्हा

नेमबाजीच्या रेंजवरच्या, वारा दाखवणाऱ्या झेंड्या अचानक लोंबल्या, तसे मालननं अंबाबाईला हात जोडले. पावलीस गं बाई! लेकीची शेवटची गोळी सुटेपर्यंत वारा थांबू दे, एवढंच तिनं मागितलं होतं. या गोळीवर राज्याच्या संघातली जागा अडली होती.

पण लेक रायफल रोखून नुसतीच पालथी पडून राहिली. घड्याळ पळत होतं. "अगं, मार की आता!" मालन पुटपुटली.

"थांबा वहिनी," शेजारी बसलेले प्रशिक्षक कुजबुजले. "वारा गोळीला जाता जाता उजवीकडे ढकलतो, म्हणून तिनं नेम तेवढाच डावीकडे धरलाय. आत्ता मारली तर चुकणार. पोरगी वारा परत यायची वाट बघतीय."

मालन बघतच राहिली. हिला भाजीत मीठ अंदाजानं टाकता येत नाही, आणि न दिसणाऱ्या वाऱ्याचा अंदाज बांधून केवढी शांत पडली होती ही! तिनं घाईनं पुन्हा हात जोडले. "मघाचं राहू दे गं. सोड वारा."

झेंड्या फडफडल्या. गोळी मधोमध बसली.

"वारा पडला तेव्हा घाबरलेच होते," बाहेर आल्यावर लेक म्हणाली.

"मीसुद्धा," मालन म्हणाली. तो कुणी पाडला, ते मात्र तिनं सांगितलं नाही.