नऊशेंतल्या बारा प्लेटा

"तीन! एकदम तीन लागले!" जू-रान अशी ताडकन उठली, की तिची खुर्ची मागच्या कपाटावर जाऊन आदळली.

पडद्यावर तीन हिरवे ठिपके चमकत होते. लहान मुलांचे स्नायू झिजवणाऱ्या आजाराच्या पेशी बाकी सगळीकडे मरून पडल्या होत्या, आणि प्लेटमधल्या या तीन खळग्यांत मात्र जिवंत होत्या. तीन रसायनं, तिन्ही कामाची!

संचालक मेंग सर धावत आले. दक्षिण कोरियात, डेजनच्या त्या औषध-संशोधन संस्थेत त्यांना धावताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"किती प्लेटा तपासल्यास?"

"बाराच, सर. नऊशेंतल्या बारा!"

एकेका प्लेटमध्ये तीनशेच्या वर खळगे आणि प्रत्येकात वेगळं रसायन. सगळ्या तपासायच्या तर आठ महिने गेले असते. म्हणून जू-रान दोन वर्षं संगणकावरच्या एका मॉडेलला जुन्या तपासण्यांचे निकाल शिकवत बसली होती. कुठल्या प्लेटा तपासण्याजोग्या आहेत, हे त्यानं आधीच सांगायचं. लोक तिला ज्योतिषीणबाई म्हणायचे. आज तेच लोक तिच्या पाठीवर थापा मारत होते आणि तिला आनंदानं रडू येत होतं.

तेवढ्यात बोक-सून मावशी तांदळाच्या गोड वड्यांचा डबा घेऊन आली आणि जू-रानचं हसू ओसरलं.

शीतगृहातून प्लेटा काढायच्या, रोबोला भरवायच्या, परत ठेवायच्या. मावशीनं सव्वीस वर्षं हेच केलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पण सरांनी जानेवारीतच सांगून टाकलं होतं, की मॉडेल चाललं तर शीतगृहाला माणूस लागणार नाही.

"खा, पोरी. दोन महिने धड जेवली नाहीस."

"मावशी, याचा अर्थ तुम्हाला कळला ना?"

"न कळायला मी काय दुधखुळी आहे? लेकरं उठून चालायला लागली तर मी खुशाल घरी बसेन. गुडघे तसेही कुरकुरतात." मावशी हसली, पण डब्याचं झाकण तिला दोनदा लावावं लागलं.

संध्याकाळी सगळे जेवायला बाहेर गेले. मांस तव्यावर चरचरत होतं, सोजू दारूचे पेले भरत होते. सरांनी पेला उंचावला.

"आपल्या यंत्राला दृष्टी आली! आणि बोक-सूनबाईंना येत्या शुक्रवारी निरोप. सव्वीस वर्षं सांभाळलंत, आता आराम करा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनंही वाजवल्या आणि पुन्हा तव्यावरचं मांस कात्रीनं कापायला घेतलं.

जू-रान सरांच्या शेजारी सरकली. "सर, दोनच वर्षांचा प्रश्न आहे. राहू द्या ना त्यांना."

"वा गं वा! माणूस लागत नाही हे सिद्ध तूच केलंस, आणि रदबदलीही तूच करतेस?"

जू-रान उठून मावशीशेजारी जाऊन बसली.

शुक्रवारी सकाळी मोठ्या औषध कंपनीची माणसं येणार होती. त्यांना दाखवायला जू-राननं आदल्या संध्याकाळी तक्ता करायला घेतला. एका बाजूला मॉडेलनं निवडलेल्या बारा प्लेटांचे नंबर, दुसऱ्या बाजूला रोबोनं वाचलेले. निकालात फक्त रसायनांची नावं येतात, त्यामुळे प्लेटांचे नंबर तोवर कुणी पाहिलेच नव्हते.

अकरा जुळले. बारावा जुळेना.

मॉडेलची पहिल्या क्रमांकाची निवड होती प्लेट ४४४. ती रोबोपर्यंत गेलीच नव्हती. तिच्या जागी ६१७ गेली होती, आणि मॉडेलनं तिला अगदी तळाला, टाकाऊ म्हणून ठेवलं होतं. तिन्ही रसायनं त्या ६१७ मधलीच होती.

जू-राननं तक्ता तसाच टाकला. ती शीतगृहाकडे पळाली. मावशी तिथं एकटीच जाड हातमोजे घडी करून ठेवत होती.

"मावशी, ४४४ कुठंय?"

"सापडलं वाटतं!" मावशी ओशाळली. "अगं, आपल्या लिफ्टमध्येसुद्धा चार आकडा लिहीत नाहीत. चार म्हणजे मरण, दोन्हींचा उच्चार एकच. इथं तर एका रांगेत तीन! आजारी लेकरांचं औषध शोधायचं आणि असली प्लेट लावायची? माझा हातच होईना. ती ठेवली तशीच आणि दुसरी घेतली. एवढ्यानं काही बिघडलं का गं?"

जू-रानला हसावं की रडावं कळेना. दोन वर्षांची मेहनत, आणि यश आलं ते निव्वळ नशिबानं!

"म्हणजे हाताला आली ती उचललीत?"

"हाताला आली ती कशी उचलेन?" मावशीनं शीतगृहाची किल्ली टेबलावर ठेवली. "चौदा वर्षांपूर्वी याच पेशींवर आम्ही थोड्या प्लेटा हातानं तपासल्या होत्या. त्या ६१७ मधल्या तीन खळग्यांत पेशी कशा टवटवीत राहिल्या होत्या! मी लगेच मेंग सरांना दाखवलं. तर म्हणाले, घाण पडली असेल, आणि निकालांत प्लेट बाद म्हणून लिहून टाकली. वर मला म्हणाले, बाई, बघायचं काम आमचं, तुम्ही फक्त प्लेटा आणत जा."