ट्रंकेतलं झबलं

"बाळाचे कपडे कशात ठेवले होते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सासूने ट्रंकेचं सांगितलं. माळ्यावरची लोखंडी ट्रंक. तिच्यात मुलाचं, म्हणजे आता बाप झालेल्याचं, लहानपणीचं सगळं जपून ठेवलेलं. लोकरीची झबली, टोपडी, एक दुलई. कसर लागू नये म्हणून ती दर वर्षी आठवणीने मूठभर डांबरगोळ्या टाकायची. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला, कारण डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं होतं.

काचेपलीकडे बाळ निळ्या दिव्याखाली उघडंच पडलं होतं. डोळ्यांवर पट्टी, अंग हळदीसारखं पिवळं. पायाच्या शिरेतून रक्त थेंबाथेंबाने आत जात होतं.

डॉक्टरीणबाईंनी सासू, सून आणि तिचा नवरा, तिघांनाही समजेल असं सांगितलं. रक्तातल्या लाल पेशींना तगून राहायला एक एन्झाइम लागतं. या बाळात ते जन्मतःच फार कमी आहे. एरवी कदाचित कुणाला कळलंही नसतं, पण गोळ्यांची वाफ कपड्यांत मुरली होती. ती श्वासातून, कातडीतून आत गेली आणि पेशी फुटायला लागल्या. शू काळ्या चहासारखी होत होती ती त्यामुळेच. रक्त चढतंय, बाळ सावरेल असं वाटतंय, पण खात्री आत्ताच देता येणार नाही.

"किती वेळा म्हटलं, नवीन आणू," नवरा आईकडे न बघता म्हणाला. "पण तुझी हौस."

हौस होतीच. झबलं घालताना सासू नातवाला म्हणाली होती, तुझा बाप यातच मुतलाय, आता तुझी पाळी. सगळे हसले होते. आता ती बाकड्यावर बसली, पदर तोंडाला लावला, आणि मुलगा रक्ताची दुसरी पिशवी आणायला खाली गेला तरी तिने मान वर केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी सुनेला आत बोलावून दार लोटलं. माहेरी कुणाला असा त्रास झालाय का, त्यांनी विचारलं. भाऊ, मामा, कुणीही. एखादं औषध घेतल्यावर अचानक कावीळ?

"नाही," सून म्हणाली.

"मुलाला हे आईकडूनच येतं. वडिलांचा यात संबंध नसतो."

सुनेने मान डोलावली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. फळ्यावर एक्स आणि वाय काढून, बाण दाखवून, नेमकं हेच ती दर वर्षी समजावून सांगत असे.

"कुणाचा दोष नाही हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण घरात माहीत असलेलं बरं. तुम्हाला बहीण असेल, उद्या तिला मुलगा होईल. मी बाहेर काही बोलणार नाही. ते तुम्हीच बोलायचं."

तिच्या भावाचे डोळे मधूनच पिवळे व्हायचे, म्हणून त्याला शाळेत लिंब्या म्हणायचे. माहेरी डांबरगोळी कधी उंबऱ्याच्या आत आली नाही. लग्न ठरताना आई म्हणाली होती, विचारलं तर सांगू. कुणी विचारलं नव्हतं. आता धाकट्या बहिणीचं जमत आलं होतं, आणि सकाळी फोनवर आईने बाळाची चौकशी केली, थोडी रडली, मग म्हणाली, तिचं एकदा होऊन जाऊ दे, मग बोल काय ते.

झबलं बाळाच्या अंगात गेलं तेव्हाच खोलीभर वास पसरला होता. सुनेला तो लगेच कळला. काढा म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं. ते सांगायचं नव्हतं तर दुसरं काही सांगता आलं असतं. लोकर टोचतेय. उकडतंय. तेवढंही ती बोलली नाही. चारातली एक शक्यता आहे, तिने मनात हिशेब केला होता, तीन नाहीत. आणि बाळाच्या छातीवरचं बटण लावलं होतं.

ती बाहेर आली तशी सासू बाकड्यावरून उठली. घरात सून आली म्हणून ती कधी उठली नव्हती.

"काय म्हणाल्या?"

"रक्त चढतंय म्हणाल्या. वाट बघायची."

सासू म्हणाली, ट्रंक आजच भंगारात देते. माझ्या हाताने घातलं गं मी त्याला. कॉरिडॉरमधून एक नर्स गेली, ती जाईपर्यंत सासू भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"तुझ्या आईला मी आता काय तोंड दाखवू?" ती म्हणाली.

सुनेने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. आई, माझ्या भावाला पण, इथपर्यंत ते जिभेवर आलंही होतं.

"तुम्हाला कुठे माहीत होतं, आई," ती म्हणाली.

सासूने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि मोकळेपणाने रडली. मग डोळे पुसले, सुनेच्या खांद्यावरून घसरलेली शाल वर ओढली, कानावरून नीट गुंडाळली.

"मोठ्या मनाची आहेस बाई," ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते ना, तर माफ केलं नसतं."