बाबांची किल्ली

शेजाऱ्यांचं फाटक दुसऱ्यांदा पाडलं, तरी बाबा गाडीची किल्ली सोडायला तयार नव्हते. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला "आता दिसत नाही तुम्हाला" असं तोंडावर कोण सांगणार? लेकीनं वेगळी वाट धरली. बाबा दुपारी लवंडले की ती गाडीचं कंट्रोल मॉड्यूल, इंजिनाला हुकूम देणारी ती छोटी संगणक-पेटी, खोलून काढायची, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपला जोडायची, प्रोग्राम बदलून पाहायची. एकदा गाडी सुरूच होईना, एकदा नुसतेच वायपर नाचले. अखेर जमलं. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी सायकलच्याही पुढे जाईना. संध्याकाळी बाबा कोपऱ्यापर्यंत जाऊन परतले आणि इंजिन बंद करून तसेच बसून राहिले. ती खिडकीशी आली. "थकली हो गाडी, बाबा." त्यांनी किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली, सोबत एक स्क्रूही. "पायाशी सापडला. जागेवर बसव. आणि पोरी, कुणी विचारलं तर हेच सांग, गाडीच थकली म्हणून."