शेजारच्या टेबलावरचा डाव

धाकट्या जावेला 'गो', म्हणजे खडे मांडून पटावरची जागा घेरायचा खेळ, मीच शिकवला. गेल्या वर्षी स्पर्धेत तिने जिंकलेला कप आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी मिरवतो, आणि त्यावरची धूळ मी पुसते. म्हणून यंदा मीही नाव दिलं.

उपांत्य फेरीत ती नेमकी शेजारच्या टेबलावर होती. माझ्यासमोर पुढचे दात पडलेली एक शाळकरी मुलगी होती आणि माझ्या पांढऱ्या खड्यांनी तिचे काळे खडे पुरते घेरले होते. मी खडा ठेवला, आणि जावेने तिच्या पटावर किती जागा बळकावली ते मान वळवून मोजू लागले. खडा ठेवल्यावर बटण दाबलं नाही, तर घड्याळ आपलीच वेळ खात राहतं, हे ध्यानातच राहिलं नाही.

"काकू, तुमची वेळ संपली. मी जिंकले!"

आता फायनलला धाकटी जाऊ एकटीच जाणार, या विचाराने जीव नुसता जळत होता. तरी तोंडदेखलं हसून तिच्याकडे वळले, तर ती खडे डब्यात भरत होती. चेहरा एवढासा झालेला.

 

"ताई, तुमची जागा मोजता मोजता माझंही बटण दाबायचं राहिलं हो."