वाचकांच्या सुरुचीसाठी

लॅटिन उपहासकवितांची ती दीडशे वर्षं जुनी, टिपांनी ठासून भरलेली आवृत्ती गंगाधर सरांनी टेबलावर आपटली. इंग्रज संपादकाने चावट कविता सरळ गाळल्या होत्या आणि तळटीप दिली होती, 'वाचकांच्या सुरुचीसाठी.'

"भित्रा लेकाचा!" सर म्हणाले. "माझ्या मराठी अनुवादात एकही कविता सुटणार नाही."

शब्दाला जागले. दुसऱ्या जुन्या आवृत्त्या धुंडाळून त्यांनी गाळलेलं सगळं मिळवलं आणि बिनदिक्कत मराठीत आणलं.

पंडरी बाजारातल्या छापखान्यातून प्रुफं आली, ती सरांच्या पत्नी यामिनीबाई वाचायला बसल्या.

"अहो, एका जेवणासाठी सरदाराचे जोडे उचलणारा तो कवी? त्याची कविता दिसून नाही राहिली. तुमाले तर तेच सगळ्यात आवडे. काहून काढली?"

"प्रकाशनाला मंत्रीजी येऊन राहिले ना. रात्री जेवणही त्यांच्याच बंगल्यावर आहे."

"मग पुस्तकात कारण काय देणार?"

सरांनी ते जुनं पुस्तक अलगद जवळ ओढलं आणि तळटीप शोधू लागले.

"या इंग्रज साहेबानं दिलं, तेच. मोठा विद्वान माणूस होता तो."